जोड शाबूत होता

दणकटरावांनी आधी आपला जोड ओळखला आणि मग सायकल. दुपारची बस दुकानासमोरच्या थांब्यावर थांबली, कंडक्टर टपावर चढला आणि दोरी सोडून एक हिरवी सायकल खाली देऊ लागला, तेव्हा ते दाराशी बसून ग्राइंडरची पाती बदलत होते. सायकलच्या पुढच्या नळीला, हँडलच्या जरा खाली, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारलेल्या होत्या आणि पट्ट्यांच्या कडेने बोटाएवढी जाड वेल्डिंगची रेघ फिरवलेली होती. असं काम आसपास दुसरं कोणी करत नव्हतं. कशाला करेल? तेवढ्या रॉडमध्ये लोक अख्खी खिडकी उभी करतात.

त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. फाटकं, जाळ्या, जिने करायचा त्यांचा धंदा, आणि एका पट्टीने भागेल तिथे दोन मारायची त्यांची खोड. शाळेचं फाटक त्यांनी असं केलं होतं की ते उघडताना शिपायाची दमछाक व्हायची आणि तास बुडाला म्हणून मुलं खूश व्हायची. एका घराला त्यांनी बसवलेल्या जाळीकडे बघून लोक म्हणायचे, घर पडेल, जाळी तेवढी उभी राहील. नाव चेष्टेत पडलं, पण त्यांनी ते बिरुद म्हणून घेतलं. "माझं काम तुटायचं नाही," हे त्यांचं पालुपद. आणि खरं सांगायचं तर आजवर तुटलं नव्हतंच.

"अगं, बाहेर ये लवकर!" त्यांनी दुकानामागच्या घराकडे तोंड करून हाक मारली. "भिंगरी आली बघ!"

भिंगरी हे नाव काकूंनी ठेवलेलं. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळ्या गल्लीला ती काकूच. थंडी सरता सरता एक मुलगी याच रस्त्याने सायकल ढकलत आली होती, पुढचं चाक अर्धवट उचलून धरून. वय विशीच्या जरा पुढे, अंगावर धुळीचा थर, मागे सामानाच्या पिशव्या. डोंगरातल्या आपल्या गावाहून निघाली होती, एकटी, आणि थेट समुद्रापर्यंत जायचं होतं. का, तर जायचं होतं म्हणून. मध्ये दुसऱ्या कुठल्याही वाहनात बसायचं नाही, असं तिने स्वतःशीच ठरवलेलं. अशा हट्टाला काय म्हणावं ते ज्याचं त्याने ठरवावं. काकूंना तो फार आवडला.

सायकलच्या नळीला तडा गेला होता. गावातल्या चार दुकानांनी तिला परत पाठवलं होतं. दोन सायकलवाले, एक गॅरेजवाला आणि एक वेल्डर. चौघांचं एकच म्हणणं: नळी फार पातळ आहे, हे आमचं काम नाही, सायकल बसवर टाक आणि शहरात मोठ्या दुकानात घेऊन जा. चौघांपैकी कोणी तिच्याशी फार गोड बोललं असेल असंही नाही. वेल्डर तर जेवत होता, त्याने मानही वर केली नाही.

ती दणकटरावांच्या दारात आली तेव्हा रडत नव्हती, पण आता कोणी नाही म्हटलं असतं तर रडली असती. ते बघून त्यांनी सायकल आतच ओढून घेतली. काकूंनी आंघोळीला पाणी तापत ठेवलं.

रॉड नळीला टेकला मात्र, नळीला भोक पडलं. कागदाला निखारा लागावा तसं. तेव्हाच त्यांना कळलं की हे लोखंड आपल्या हाताच्या ओळखीचं नाही. तेव्हाच रॉड धरायचा चिमटा खाली ठेवून "पोरी, हे माझंही काम नाही," असं म्हणता आलं असतं. पण ती समोर उकिडवी बसली होती, काळी काच डोळ्यांवर धरून, आणि म्हणत होती, "काका, तुम्ही भेटला नसता तर मी काय केलं असतं हो?" असं कोणी म्हटलं की माणसाच्या हातून चिमटा सुटत नाही. कोणाच्या उपयोगी पडायचं, ही पण एक हावच असते. तिला हाव म्हणत नाहीत, एवढंच.

त्यांनी भोक बुजवलं. बुजवलेलं दिसू नये म्हणून वर पट्टी मारली. एका बाजूला मारली म्हणून दुसऱ्या बाजूलाही मारली. मग पोरीला एवढं लांब जायचंय म्हणून सगळीकडून एक रेघ फिरवली, आणि तिच्यावर आणखी एक. "आता हत्ती बसला तरी तुटायचं नाही," ते म्हणाले. ती एवढी हसली की काकू बघायला बाहेर आल्या. मग तिने मोबाइल खिडकीत टेकवून तिघांचा फोटो काढला. दणकटरावांचा हात जोडावर, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. रात्री ती पाहुण्यांच्या खाटेवर झोपली, सकाळी अंडी आणि पाव खाऊन निघाली. समुद्राचा फोटो पाठवते म्हणाली होती.

तो आला नव्हता. काकू अधूनमधून म्हणायच्या, "पोहोचली असेल ना हो?" आणि हे म्हणायचे, "केव्हाच. आता कुठली आपली आठवण राहणार तिला?"

तर आता बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि सायकलीपाशी उभा होता तो साठीकडे झुकलेला एक बारीकसा माणूस. गळ्यात मापाची फीत नव्हती, तरी मान तशीच एका बाजूला कललेली. हा शिंपी आहे हे त्याने सांगायच्या आधीच कळलं असतं.

"दणकटराव आपणच ना?" तो म्हणाला. "आणि या काकू. फोटोवरून ओळखलं. मी तिचा बाबा."

"ती कुठंय?" काकूंनी त्याच्या मागे रस्त्याकडे बघत विचारलं.

शिंप्याला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला असावा की उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. "ती गेली, काकू. इथून पुढे घाट लागतो ना, त्याच्या उतारावर. एखाद्या गाडीने हूल दिली असेल, असं तिथले लोक म्हणाले. पडली, आणि पडली तशी सायकलही मोडली."

काकू मटकन पायरीवर बसल्या.  दणकटरावांनी काहीतरी करायचं म्हणून सायकल शिंप्याच्या हातून घेतली, उचलून दुकानात आणली आणि भिंतीला टेकवली. आणि मग त्यांची नजर जिथे जाऊ नये तिथे गेली.

जोड तुटला नव्हता. पट्ट्या जागच्या जागी होत्या, रेघ जशी मारली तशी होती. नळी तुटली होती ती जोडाच्या लगत, रेघ जिथे संपते तिथे, सुरीने कापावी तशी. तुटलेली कड अर्धी काळपट होती, अर्धी उजळ. लोखंडात जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. जे पडून मोडतं ते सगळंच्या सगळं एकदम मोडतं, त्याची कड एकसारखी असते. ही नळी आधीपासून फाटत आली होती. इथून निघाल्यावर रोज थोडी थोडी. उतारावर उरलेली अर्धी सुटली. ती पडली म्हणून सायकल मोडली नव्हती. सायकल मोडली म्हणून ती पडली होती.

 त्यांनी ऐरणीला हात टेकला.

बाहेर शिंपी काकूंशी बोलत होता. डोळे कोरडे, आवाज कामाचा. तो तिच्या वाटेवरच्या माणसांना भेटत आला होता. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि आज कोण भेटलं ते सांगायची, त्यामुळे त्याला सगळे पाठ होते. ज्या ट्रकवाल्याने उन्हात तिला पाणी दिलं तो. ज्या नर्सने गुडघा बांधून दिला ती. ज्या म्हातारीने आपली एकुलती रजई पांघरायला दिली आणि स्वतः शालीत झोपली ती. प्रत्येकाबरोबर तिने फोटो काढलेला. तो प्रत्येकाला त्याचा त्याचा फोटो चौकटीत घालून देत होता.

"शेवटी तिच्याजवळ बसलेला माणूसही परकाच होता," तो म्हणाला. "दुधाच्या गाडीवरचा. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. फोनही त्यानेच केला मला. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जाणार आहे. माझ्या पोरीला आयुष्यात जेवढी चांगली माणसं भेटली, ती बहुतेक सगळी या रस्त्यावर भेटली. मी तिला जाऊ नको म्हणत होतो. म्हणत होतो, जग वाईट आहे."

त्याने हातात दिलेला फोटो काकूंनी पदराने पुसला, आत आल्या, आणि वजनकाट्याच्या वर एक मोकळा खिळा होता त्याला अडकवला. फोटोत तिघं हसत होती.

"आता एक विनंती आहे, दादा," शिंपी आत येत म्हणाला. "ही परत जोडून द्या. तिचा समुद्रापर्यंतचा रस्ता राहिलाय, तो मी इथून पुढे करणार. रोज सकाळी सराव करतो. जन्मभर मशीनचं पायडल मारलंय, पाय तयारच आहेत." तो पहिल्यांदाच हसला. "ती म्हणायची, अख्ख्या सायकलीत काकांचा जोड तेवढा पक्का आहे. म्हणून इथवर बसने आणली. दुसऱ्याच्या हातचा नको, तुमच्याच हातचा हवा."

"वीज नाहीये," दणकटराव म्हणाले.

डोक्यावर पंखा फिरत होता. काकूंनी पंख्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे.

"म्हणजे... मशीन बिघडलंय. आणि तसंही फ्रेम वाकलीय, भाऊ. त्यात काही राम नाही. भंगारात द्या."

"अहो, काय बोलताय?" काकू कळवळून म्हणाल्या. "त्यांच्या मुलीची सायकल आहे ती!"

शिंप्याचा चेहरा उतरला. तरी तो रागावला नाही, उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "तुमचीही कामं असतील. मी असा अचानक आलो," तो म्हणाला. "हरकत नाही. पुढच्या गावात बघतो. कोणी ना कोणी करून देईल. तिलाही चौघांनी नाही म्हटलं होतं. त्या रात्री फोनवर म्हणाली, बाबा, चार दगड भेटले आणि मग एक भला माणूस भेटला."

त्याने सायकलीला हात घातला.

आता बघा, इथे तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. माणूस आला तसा गेला असता, मनात थोडं वाईट घेऊन, आणि चौकटीतला फोटो भिंतीवर हसत राहिला असता. पण पुढच्या गावातही एखादा दणकटराव असणारच. रिकाम्या हाताने कोणाला परत पाठवणं ज्याच्या जिवावर येतं, असा. तो या पट्टीवर आणखी एक पट्टी मारणार, हत्तीची गोष्ट सांगणार, आणि हा बारीकसा म्हातारा त्याच घाटात उतरणार. दणकटरावांना तो उतार डोळ्यांपुढे दिसला.

"भाऊ, थांबा," ते म्हणाले. "ती पडली म्हणून हे मोडलं नाही. हे माझ्यामुळे मोडलं."

 मग त्यांनी सगळं सांगितलं. रॉड टेकताच भोक पडलं होतं, तेव्हाच कळलं होतं, तरी थांबलो नाही. भोक झाकायला पट्टी मारली. जोड पक्का व्हावा म्हणून एवढी आच दिली की बाजूची नळी आतून जळून ठिसूळ झाली. ते चौघे दगड नव्हते, भाऊ. त्यांचं बरोबर होतं. बसने शहरात गेली असती तर फार तर तिचा हट्ट मोडला असता. सांगताना त्यांची मान खाली होती, आणि हात उगाचच खिशातलं फडकं चुरगाळत होते.

शिंपी गुडघ्यांवर बसला. त्याने बोट जोडावरून फिरवत नेलं, जाड रेघेवरून, तिच्या टोकापर्यंत, आणि तिथे थांबवलं. कापड तपासणाऱ्याचं बोट ते.

"मलमलीला गोणपाटाचा दोरा," तो हळूच म्हणाला. "शिवण उसवत नाही. शिवणीच्या कडेला कापड फाटतं. आमच्यात शिकाऊ पोरं करतात ही चूक."

"हो," दणकटराव म्हणाले.

"काय केलंत हो हे?" काकू म्हणाल्या. त्या कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्या उठून फोटो खिळ्यावरून काढायला गेल्या.

"राहू द्या," शिंपी म्हणाला. "तिने काढलाय."

तो अजून खालीच बसला होता, बोट त्या काळपट कडेवर. दणकटराव वाट बघत होते. शिवी येईल, हात उगारला जाईल, हातोडी समोरच पडली होती, तीही घेतली असती तरी ते हलले नसते. त्यांना तसं काहीतरी हवंच होतं.

"ही काळी बाजू आधीची ना?" शिंप्याने विचारलं. "म्हणजे चालताना आवाज येत असेल?"

"येत असणार. कट्कट् असा."

"आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती," शिंपी म्हणाला. "बाबा, पुढून कट्कट् वाजतंय, बघू का कुठे दाखवून? मी गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. म्हटलं, तिथे काकांनी हत्ती बसेल असं काम केलंय म्हणतेस ना, मग ते कशाला वाजेल? चेन कोरडी पडली असेल. तेल घाल आणि नीघ, ऊन व्हायच्या आत घाट उतर."

तो एवढंच बोलला. आणि मग इतका वेळ कोरडे राहिलेले त्याचे डोळे भरून वाहू लागले. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं वाहणं. दणकटरावांना कळलं की आपण खरं बोलून आपल्या छातीवरचा दगड उतरवला आणि त्यातला अर्धा या माणसाच्या छातीवर ठेवला. बसमधून उतरला तेव्हा याच्याकडे दुःख होतं, पण ते स्वच्छ होतं. आता त्यात हे मिसळलं. ते परत वेगळं करता येणार नव्हतं.

काकूंनी पाणी आणून दिलं. त्याने ते घेतलं, प्यायला, पेला खाली ठेवला. चहाला थांबला नाही. "सायकल इथेच राहू दे," तो म्हणाला. "मला आता चालवायची नाही." हँडलला त्याने स्वतः शिवलेली निळी पिशवी होती, तेवढी त्याने सोडवून घेतली. तिचे टाके बारीक आणि एकसारखे होते. ती काखोटीला मारून तो थांब्यावर जाऊन उभा राहिला.

दणकटराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जावं की जाऊ नये हे त्यांना कळत नव्हतं, पण त्याला एकट्याला उभं ठेवणं त्यांच्याने झालं नाही. सावलीला या, असं म्हणावंसं वाटलं. म्हणवलं नाही. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले.

दुपारचीच बस परत फिरून आली. कंडक्टर तोच, मघाशी सायकल टपावरून उतरवून देणारा. तो दारातून वाकून म्हणाला, "काय काका, सायकल कुठंय? दुरुस्त नाही झाली?"

"नाही," शिंपी पायरी चढत म्हणाला. "यांनी नाही म्हटलं." मग दांडी धरून तो वळला. दणकटरावांकडे बघत, पण कंडक्टरलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "भला माणूस आहे."

बस निघाली. तो कुठल्या मनाने तसं म्हणाला, हे चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि पुढे कधी विचारता येणार नव्हतं.

दणकटराव दुकानात आले. त्यांनी सायकल उचलून ऐरणीवर आडवी घातली, घणाची मूठ दोन्ही हातांत धरली आणि जोडावर घाव घालायला सुरुवात केली. काकू दारात आल्या, नको म्हणाल्या, मग नुसत्याच उभ्या राहिल्या. पुढचं चाक वाकडं झालं, हँडल निखळून पडलं, वरची नळी चेपली, हिरवा रंग पोपडे होऊन सगळीकडे उडाला. ते घामाने निथळले, दम लागून मधेच थांबले आणि पुन्हा मारू लागले. समोरचा किराणावाला दुकानातून ओरडून म्हणाला, "अहो दणकटराव, सोडा की! तुमचं काम आहे ते, तुटायचं नाही!"

जोड खरंच तुटला नाही.